बोळ कुणाचा? जुनं घर घेताना निघालेल्या हद्दीच्या वादाचं एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातलं, अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाच्या जुन्या भागात, जिथं गल्लीत रिक्षा शिरली की समोरच्या मोटारसायकलवाल्याला मागे सरकावं लागतं, तिथलं एक घर विकायला निघालं होतं. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या. मागचा भाग अजून धाब्याचा: सागवानी खांब, वर पांढरी माती, दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती. घेणारं जोडपं नोकरदार. ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका, त्यांचे यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घर ताईंच्या एकटीच्या नावे घ्यायचं ठरलं होतं, कारण महिलेच्या नावे राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. विकणारे नाना सत्तरी ओलांडलेले, मुलाकडे नाशिकला राहायला गेलेले. उत्तरेकडचे शेजारी आप्पा, तेही त्याच वयाचे. मी ताईंचा वकील. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. नाना आणि आप्पा तर आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत.

पाचशेच्या स्टॅम्पवर सौदापावती झाली होती. क्षेत्र ११७० चौरस फूट, दर फुटाला २६०० रुपये, एकूण ३० लाख ४२ हजार. दोन लाख इसार. मध्ये एक एजंट. त्याने कागद म्हणून दाखवलं ते काय, तर नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा आणि नानांच्या वडिलांचं १९७४ चं खरेदीखत. ‘घरपट्टी नानांच्या नावावर आहे, अजून काय पाहिजे ताई?’ घरपट्टीचा उतारा सांगतो की कर कोणाकडून घ्यायचा. मालक कोण हे त्यावरून ठरत नाही, हे कोर्टांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता एजंट लोकांनीही ऐकायला हरकत नाही. ताई माझ्याकडे आल्या त्या इसार देऊन झाल्यावर. बहुतेक लोक तेव्हाच येतात.

९१ फूट

पहिलं काम म्हणून मालमत्ता पत्रक काढलं. हा भाग सिटी सर्व्हे झालेला, म्हणजे इथे सातबारा नाही. नगर भूमापन क्रमांक आणि त्याचं पत्रक हाच अधिकार अभिलेख. पत्रकावर क्षेत्र होतं १००.२ चौरस मीटर. फुटांत केलं तर १०७९ च्या आसपास. खरेदीखतात ११७०. फरक ९१ चौरस फुटांचा.

नानांना फोन केला तर म्हणाले, “सिटी सर्व्हेवाल्यांनी तेव्हा घरात बसून मोजलं वकीलसाहेब. थोडंफार इकडंतिकडं होतंच.” थोडंफार हे खरंच होतं, पण एका दमात ९१ फूट होत नाही. खरेदीखतातली मापं पाहिली: पूर्व-पश्चिम ३९ फूट, दक्षिण-उत्तर ३० फूट. घराच्या उत्तरेला, नानांच्या आणि आप्पांच्या भिंतींच्या मध्ये, एक बोळ आहे. टेप लावली तर रुंदी २ फूट ४ इंच. ३९ गुणिले २ फूट ४ इंच, उत्तर बरोबर ९१. म्हणजे खरेदीखत बोळासकट मोजून लिहिलं होतं आणि पत्रक बोळ सोडून. मोजणीदार यायच्या आधीच वाद कोणत्या पट्ट्याचा आहे ते कळलं होतं. कुणाच्याही घरात क्षेत्राचा फरक निघाला तर आधी हा गुणाकार करून बघावा. फरक घराच्या कोणत्या बाजूच्या लांबीने भागला जातो ते पाहिलं की निम्म्या वेळा भानगडीचा पत्ता लागतो.

बोळाच्या गल्लीकडच्या तोंडाशी लोखंडी फाटक होतं आणि त्याला कुलूप. किल्ली आप्पांकडे. नाना म्हणाले, “बोळ आमचाच. आप्पाला वापरायला दिलाय, शेजारधर्म म्हणून.”

हरकत आली ते बरं झालं

टायटल, म्हणजे विकणाऱ्याची मालकी, बघताना जळगावच्या दैनिकात जाहीर नोटीस द्यायची पद्धत आहे. अमुक मिळकत आमचे अशील खरेदी करत आहेत, कुणाचा हक्क-हितसंबंध असेल तर १४ दिवसांत कळवावा, असा तो मजकूर. कायद्याने सक्तीची नाही. पण देतात, आणि द्यावीच. मुदत संपत आली असताना आप्पांची हरकत आली, तीही वकिलामार्फत. मजकूर चार ओळींचा: सदर मिळकतीच्या उत्तरेचा बोळ हा उभय घरांचा सामाईक असून विकणार यांना त्याची विक्री करण्याचा अधिकार नाही, व्यवहार झाल्यास आमच्या अशिलांवर बंधनकारक राहणार नाही.

ताईंचे यजमान त्याच दिवशी ऑफिसात आले. सौदा मोडू, इसार परत मागू, दुसरीकडे प्लॉट बघू. मी त्यांना हरकतीची दुसरी ओळ पुन्हा वाचायला सांगितली. ज्याच्या फाटकाला कुलूप आहे, तोच स्वतःच्या वकिलाच्या लेटरहेडवर बोळ ‘सामाईक’ म्हणतोय. उद्या आप्पांनी किंवा त्यांच्या मुलांनी ‘बोळ आमच्या एकट्याचा, आमचा इतकी वर्षं ताबा आहे’ म्हटलं तर हा कागद त्यांच्या तोंडावर ठेवता येईल. प्रतिकूल ताब्याने मालकी मिळवायची तर मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे १२ वर्षं उघड आणि मालकाच्या विरोधात ताबा दाखवावा लागतो. सामाईक मालकांमध्ये तर ते आणखी अवघड, कारण एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. आप्पांचं फाटक आठ वर्षांपूर्वीचं. आणि त्यांनी स्वतःच तो दावा सोडून दिला होता.

दुसरा फायदा वेळेचा. हरकत आली ती खरेदीखताच्या आधी, पैसे नानांकडे जायच्या आधी. तोपर्यंत हा वाद नानांचा होता. सही होऊन दस्त नोंदला गेला की तो ताईंचा झाला असता, आणि नाना नाशिकला बसून ‘आता तुम्ही आणि आप्पा बघून घ्या’ म्हणायला मोकळे. ताईंना मी एवढंच सांगितलं: वाद नानांच्या नावावर आहे तोवर मिटवून घ्यायचा, मिटला नाही तर इसार परत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड करायचा असतो. सौदापावतीत हद्दीच्या वादाबद्दल एक अक्षर नव्हतं.

जुने कागद काय म्हणतात

दुय्यम निबंधक कार्यालयातून नानांच्या घराची मागची साखळी काढली. १९७४ च्या आधीचं खरेदीखत १९५१ चं सापडलं. वर ‘जिल्हा पूर्व खानदेश’, कारण १९६० पर्यंत जळगाव जिल्ह्याचं कागदोपत्री नाव तेच होतं. इंडेक्स, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, शोधताना हे लक्षात ठेवावं लागतं. त्या दस्तात घर फुटांत नाही, खणांत आहे: ‘धाब्याचे घर खण चार, मातीचे भिंतीचे’. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. सुताराला ते पुरतं, सर्व्हेअरला नाही. पण त्याखाली चतुःसीमा स्वच्छ होती. उत्तरेस: ‘सामाईक बोळ व त्यापलीकडे’ आप्पांच्या आजोबांचं घर.

१९७४ मध्ये कुणी दस्त लिहिला कोण जाणे, पण त्याने उत्तरेस थेट ‘आप्पांच्या वडिलांचे घर’ असं लिहिलं आणि बोळ मापात ओढून घेतला. मुद्दाम केलं असेल किंवा टेप धरणाऱ्या पोराने समोरच्या भिंतीला नेऊन लावली असेल. दोन्हीतलं काही असो, परिणाम एकच.

इथे कायद्याचा एक नियम आड येतो. दस्तातलं क्षेत्र आणि चतुःसीमा यांत मेळ नसेल तर सर्वसाधारणपणे चतुःसीमा खरी धरतात. नानांच्या मुलाने तो कुठेतरी वाचला होता, आणि तो नाशिकहून फोनवर मला समजावत होता की १९७४ च्या चतुःसीमेप्रमाणे बोळ त्यांचाच. नियम बरोबर होता, लागू चुकीचा होत होता. १९५१ च्या दस्ताने त्या घराकडे जेवढं आलं, तेवढंच १९७४ ला पुढे जाऊ शकतं. देणाऱ्याकडे अर्धा बोळ असेल तर कितीही ठसठशीत अक्षरात लिहिलं तरी घेणाऱ्याला पुरा मिळत नाही.

भूमि अभिलेख कार्यालयातून सिटी सर्व्हेच्या वेळच्या चौकशी नोंदवहीचा उतारा मागवला. हा उतारा लोक सहसा मागत नाहीत, आणि जुन्या गावठाणात खरी माहिती तिथेच असते, कारण त्या वेळी अधिकाऱ्यासमोर कोण काय बोललं त्याची नोंद त्यात असते. बोळ दोघांच्याही क्षेत्रातून वगळला होता आणि शेरा होता ‘उभय धारक सामाईक’. सिटी सर्व्हेवाल्यांनी घरात बसून काही केलेलं नव्हतं.

जागेवर

कागद एक सांगतात आणि भिंती दुसरंच, असं पुष्कळदा होतं. इथे दोघांचं एकमत होतं. बोळात उभं राहून वर पाहिलं की दोन्ही घरांची पन्हाळं बोळातच सुटलेली दिसतात: नानांच्या धाब्याची दोन, आप्पांच्या स्लॅबचा एक पाइप. खाली मधोमध एक उघडी मोरी, नानांच्या स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी त्यातून गल्लीच्या गटारीला जातं, आप्पांच्या मागच्या न्हाणीचंही. दोन घरं आपलं पाणी एकाच ठिकाणी सोडताहेत आणि पन्नास वर्षांत कुणी कुणाला हटकलेलं नाही, तेव्हा ती जागा एकाची कशी म्हणायची?

ताईंनी मला विचारलेला प्रश्न सगळ्यांत नेमका होता. ९१ फुटांचं काय करायचं ते करा, पण उद्या फाटकाला कुलूप असताना मोरी तुंबली तर मी कुणाकडे जाऊ? जुन्या घराच्या हद्दीच्या वादात बहुतेक वेळा भांडण फुटांच्या नावाने चालतं आणि अडतं ते पाण्यावर. शिवाय मातीच्या भिंतीला पावसाळ्याआधी बाहेरून हात फिरवावा लागतो. बोळात जाताच आलं नाही तर दोन पावसाळ्यांत ती भिंत बसली असती.

आपल्याकडच्या खरेदीखतांत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ अशी एक ओळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जमिनीत पुरलेल्या धनाची सोय होते. मोरी कुठून जाते ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. नानांच्या दोन्ही दस्तांत नव्हतं. अर्थात भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं उघडपणे, विनाहरकत आणि हक्क म्हणून पाणी सोडलं असेल तर तसा हक्क तयार होतो, त्यामुळे बोळ कुणाचाही निघाला असता तरी मोरी बंद करणं आप्पांना सोपं नव्हतं. पण हक्क असणं आणि तो कोर्टातून मिळवेपर्यंत स्वयंपाकघरात पाणी साचू न देणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आप्पांची बाजू. त्यांनी वरच्या मजल्यासाठी बाहेरून जिना काढलाय, त्याची कड आठ फूट लांबीत बोळात नऊ इंच आलेली आहे. फाटक लावलं ते गल्लीतली जनावरं आणि रात्रीची पोरं आत शिरत होती म्हणून, हे मला खरं वाटलं. नऊ इंच मात्र त्यांना चांगले ठाऊक होते. हरकतीत जिन्याचा उल्लेख नव्हता.

मोजणी

नानांनी हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. नानांनीच, कारण अर्ज पत्रकावर नाव असलेल्या धारकाचा लागतो. इसार दिलेल्या माणसाचा चालत नाही. फी कुणी भरायची यावर थोडी कुरबूर झाली. नाना म्हणाले, मोजणी ताईंना हवी आहे. मी म्हणालो, ११७० फूट विकतोय असं लिहून तुम्ही दिलंय, ते दाखवायची जबाबदारी तुमची. नियमित आणि द्रुतगती असे प्रकार असतात, द्रुतगतीला फी बरीच जास्त. बँकेच्या कर्जाची मंजुरी तोंडावर होती म्हणून द्रुतगती भरली. लगतच्या सगळ्या धारकांना नोटिसा गेल्या. आपली नोटीस शेजाऱ्याला मिळाली की नाही ते अर्जदाराने स्वतः बघावं, कारण ‘मला नोटीस नव्हती’ एवढ्यावर पुढे सगळी मोजणी अडते.

भूमापक आला तो रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर मोजणारं यंत्र, घेऊन, पण अशा गल्लीत तो फार उपयोगाचा नसतो. दोन्हीकडे भिंती, वर जेमतेम आभाळाची पट्टी, उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही. शेवटी चौकातल्या पक्क्या खुणांपासून टेपनेच काम झालं. मातीच्या भिंतीची हद्द कुठली, हाही एक प्रश्न असतो: वर्षानुवर्षं लिंपण चढून भिंत मध्येच फुगते, वर निमुळती होते. त्याने जोत्यापासून मापं घेतली, तेच बरोबर. तोंडाशी २ फूट ४ इंच, जिन्यापाशी १ फूट ७ इंच, मागे २ फूट ३ इंच.

मागच्या त्या एका इंचावरून आप्पांचा धाकटा मुलगा तावातावाने बोलायला लागला. तेव्हा भूमापकाने नकाशा त्याच्यापुढे धरला. सिटी सर्व्हेचा नकाशा १:५०० या प्रमाणात असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा मीटर. अख्खा बोळ नकाशावर दीड मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा. जुन्या शाईची रेघच बारीक धरली तरी जमिनीवर चार इंच जाड होते. “दादा, या रेघेत तुझे चार इंच बुडालेत, तू एकासाठी भांडतोय.” पोरगा गप्प झाला. हे गणित कोर्टात बसलेल्या दोन्ही बाजूंना पहिल्याच तारखेला दाखवलं तर कितीतरी दावे तिथेच थांबतील असं मला नेहमी वाटतं.

मोजणीच्या नकाशाची क प्रत आली. नानांची हद्द स्वतःच्या भिंतीपर्यंत, आप्पांची त्यांच्या भिंतीपर्यंत, मध्ये बोळ, आणि त्यात आप्पांच्या जिन्याचं अतिक्रमण वेगळं दाखवलेलं. एक गोष्ट इथे सांगायला हवी. भूमि अभिलेख खातं अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवतं. मालकी कुणाची हे ठरवणं दिवाणी कोर्टाचं काम. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. आप्पांनी ती मागितली नाही. नाना मागणार होते, मुलाने थांबवलं. चौकशी नोंदवहीतला शेरा वाचल्यावर त्याचा सूर बदलला होता.

ओट्यावर

नानांना आप्पांना नोटीस द्यायची होती: जिना पाडा, फाटक काढा. माझा सल्ला विचारला तेव्हा मी सांगितलं की नोटीस गेली की आप्पा कोर्टात मनाई हुकूम मागतील, कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज होईल, पुन्हा मोजणी होईल, आणि आज जे कागद टेबलावर आहेत तेच चार-सहा वर्षांनी पुराव्याच्या निशाण्या पडून टेबलावर येतील. बँक तेवढी थांबणार नाही. ताईही नाही.

मग नाना, त्यांचा मुलगा, ताई आणि मी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आप्पांनी सुरुवातच जोरात केली, “बोळ बठ्ठासना शे, बठ्ठा गावले मालूम शे!” (बोळ सगळ्यांचा आहे, सगळ्या गावाला माहीत आहे!) नाना उत्तर द्यायला उठले तसं मी १९५१ चा दस्त काढून आप्पांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, ‘सामाईक बोळ’ वाचलं, आपल्या आजोबांचं नाव वाचलं, आणि आतून आपल्या घराचं खरेदीखत मागवलं. १९६२ चं. त्यात दक्षिणेस ‘सामाईक बोळ’. दोन्ही घरांचे कागद शेजारी ठेवले आणि बोळाच्या मालकीचा मुद्दा तिथंच संपला. नाना बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “माझ्या बापाने मला जे सांगितलं ते मी सांगत होतो.”

जिन्यावरून घासाघीस झाली. पाडायचा तर आप्पांच्या वरच्या मजल्याची वाट बंद होणार होती. ताईंनी स्वतःच सांगितलं की जिना राहू द्या, मला मोरी आणि किल्ली हवी. मला हे आवडलं. नऊ इंच परत मिळवून ताईंच्या हातात काही पडणार नव्हतं, पण त्या बदल्यात बाकीची सगळी कलमं मिळाली.

ठरलं ते असं लिहून काढलं: बोळ २ फूट ४ इंच, सामाईक. फाटक राहील, किल्ली दोन्ही घरांकडे. उघड्या मोरीच्या जागी जमिनीखालून सहा इंची पाइप, दोन चेंबर, खर्च निम्मा-निम्मा. भिंतीच्या दुरुस्तीसाठी एकमेकांना बोळात येऊ द्यायचं. बोळावर छप्पर, छज्जा, काही बांधायचं नाही. जिना आहे तसा राहील, पण त्यावरून आप्पांना बोळात जादा हक्क नाही, आणि तो कधी पाडला वा पडला तर नवा स्वतःच्या हद्दीत घ्यायचा. क प्रतीचा नकाशा जोडायचा. हे सगळं वारसांवर आणि पुढच्या खरेदीदारांवर बंधनकारक. आणि दस्त नोंदणीकृत. स्थावर मिळकतीतल्या हक्काबद्दलचा करार नोटरी करून कपाटात ठेवला तर पुढच्या पिढीशी भांडताना तो फार कामाला येत नाही.

आता सह्यांचा प्रश्न. आप्पांचं मालमत्ता पत्रक काढलं तर त्यावर त्यांच्या एकट्याचं नाव नव्हतं. वडिलांच्या पश्चात तीन वारस लागलेले: आप्पा, सुरतेला कापडाच्या धंद्यात असलेला भाऊ, आणि धुळ्याला दिलेली बहीण. आप्पा म्हणाले, बहिणीचं काय, ती काही म्हणत नाही. काही म्हणत नाही हे ठीक, पण पत्रकावर नाव आहे तोवर सही लागते. तिच्याशिवाय केलेला करार तिने किंवा तिच्या मुलांनी उद्या नाकारला तर तो ताईंच्या घराचा वाद होणार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर होती. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, सुरतवालेही येतात. मसुदा तयार ठेवला, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी तिघांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन सह्या-अंगठे घेतले. ताईंची सही ‘मान्यता देणार’ म्हणून. बहिणीने सही करण्याआधी सगळा मसुदा वाचला आणि भावाला विचारलं, जिना बांधला तेव्हा मला का नाही विचारलं? त्यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं.

भाव

उरला भाव. नानांचं म्हणणं, घर उक्तं विकलंय, फुटावर नाही. पण सौदापावतीत दर आणि क्षेत्र दोन्ही लिहिलेलं, गुणाकारही केलेला. ९१ फुटांचे २६०० ने २ लाख ३६ हजार ६०० होतात. तेवढे सगळे वजा करावेत असं मीही धरून बसलो नाही, कारण सामाईक बोळाचा वापर ताईंना मिळतच होता आणि त्याला किंमत आहे. बँकेच्या व्हॅल्युअरने काम सोपं केलं. त्याने मूल्यांकन केलं ते मालमत्ता पत्रकावरच्या १००.२ चौरस मीटरवरच, खरेदीखतातल्या ११७० फुटांकडे बघितलंही नाही. बँका असंच करतात, दोन कागदांत फरक असेल तर लहान आकडा धरतात, त्यामुळे जादा फुटांचे पैसे खिशातून भरावे लागतात. शेवटी पावणेदोन लाख कमी झाले, मोजणीची फी नानांची, पाइपाचा ताईंच्या वाट्याचा खर्चही नानांनी सोसायचा.

खरेदीखत लिहिताना क्षेत्र पत्रकाप्रमाणे घेतलं. उत्तरेची सीमा पुन्हा १९५१ सारखी: सामाईक बोळ व त्यापलीकडे आप्पांचा नगर भूमापन क्रमांक. बोळाच्या कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख मजकुरात घातली. १९७४ च्या दस्तात बोळाचं क्षेत्र चुकून धरलं गेलं होतं हे नानांनी कबूल केल्याचं एक वाक्य घातलं, आणि मिळकतीबद्दल आधीच्या काळातला कुठला दावा निघाल्यास भरपाई करून देण्याची हमी. त्याआधी ई-कोर्ट्सच्या साइटवर नाना, आप्पा आणि आप्पांचे वडील या तिघांच्या नावे दिवाणी दावे शोधून घेतले होते. चालू दाव्यातली मिळकत घेतली तर निकाल घेणाऱ्यालाही लागू होतो. महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदलेली असावी लागते, म्हणून इंडेक्सही पाहायचा. काही निघालं नाही.

ताईंच्या नावाची नोंद पत्रकावर विनाहरकत झाली. पाइप पावसाळ्याआधी पडला.

एक कलम मात्र करारात येऊ शकलं नाही. मागचा धाब्याचा भाग पाडून तिथे स्लॅबची खोली बांधायचा ताईंचा विचार आहे आणि तिला उत्तरेकडे, बोळावर, खिडकी हवी होती. आप्पांनी ठाम नकार दिला. समोर त्यांच्या सुनेची न्हाणी आहे, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आता नगरपालिकेकडे दिलेल्या नकाशात उत्तरेची भिंत सलग आहे आणि उजेडासाठी स्लॅबमध्येच, जुन्या धाब्याला जिथे सानं, म्हणजे उजेडासाठीचं भोक, होतं त्या जागी, काचेचं झाकण दाखवलंय.